शाळेला उत्तर देणारं एक माणूस द्या : विद्यापीठांना खुले पत्र

प्रति,
शेती आणि निसर्गविज्ञान शिकवणाऱ्या विद्यापीठांचे कुलगुरू, विस्तार शिक्षण संचालक आणि शालेय उपक्रमांचे समन्वयक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी शाळेत विज्ञान शिकवते. आपली विद्यापीठं शाळकरी मुलांसाठी आणि शिक्षकांसाठी प्रक्षेत्रभेटी, शिबिरं, फिरती प्रदर्शनं, कार्यशाळा असं बरंच काही घेतात. ते बंद करा असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. त्यावर होणारा खर्च आणि श्रम मुलांच्या पदरात पडावेत एवढ्यासाठी लिहिते आहे. माझी मागणी एकच आहे. कार्यक्रम थोडे कमी घ्या, पण ज्या शाळांशी नातं जोडाल त्यांच्याशी ते वर्षभर ठेवा आणि त्या शाळांच्या प्रश्नांना उत्तर देण्यासाठी एक माणूस नेमा.

भेटीचा दिवस कसा असतो ते आपण जाणताच. सकाळी बस पोहोचते. शे-सव्वाशे मुलं सभागृहात बसतात. प्राध्यापक पदवीच्या वर्गासाठी केलेल्याच स्लाइड दाखवतात, कारण मुलांसाठी वेगळ्या करायला त्यांना वेळच दिलेला नसतो. मग हरितगृह. आत रोपांच्या रांगा, दारावर 'हात लावू नये' असा फलक. ठिबकच्या नळीतून थेंब कसा पडतो ते पाहायला पुढची मुलं वाकतात आणि मागच्यांना फक्त पुढच्यांच्या पाठी दिसतात. शेवटी 'कोणाला काही शंका?' असं विचारलं जातं. दोन हात वर होतात तोवर बसची वेळ झालेली असते. बॅनरसमोर फोटो निघतो आणि अहवालात लाभार्थींचा आकडा चढतो.

यात कोणाचीही दानत खोटी नसते. प्राध्यापक मनापासून बोलतात, मुलंही आनंदात असतात. अडचण अशी, की मुलांचे खरे प्रश्न त्या दिवशी येत नाहीत. ते नंतर येतात, मुलांनी स्वतः काहीतरी उगवून, उकरून, निरखून पाहिलं की. तेव्हा विद्यापीठ कुठेच नसतं.

माझ्या वर्गातलंच सांगते. भोपळ्याच्या बिया ओल्या कागदाच्या घडीत आडव्या ठेवायच्या आणि रोज उघडून पाहायच्या, हा अगदी साधा प्रयोग आम्ही करतो. बियाच्या निमुळत्या टोकातून मूळ बाहेर येतं आणि खाली वळतं, इथपर्यंत सगळ्या पुस्तकांत चित्र असतं. पण जिथे मूळ संपतं आणि खोडाचा भाग सुरू होतो, नेमक्या त्या ठिकाणी, वळणाच्या आतल्या अंगाला, एक बारीकशी खुंटी फुटते. ती खुंटी बीजकवचाचा खालचा ओठ दाबून धरते. वर खोड कमान करून लांबत जातं आणि दोन्ही बीजपत्रं कवचातून ओढून काढतं. कवच जागच्या जागी राहतं, रोप मोकळं होतं. हे सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसतं. हातात भिंग असेल तर फारच सुंदर दिसतं.

एका मुलीनं विचारलं, "बाई, खुंटी खालच्याच बाजूला का येते? बी पालथं केलं तर?" आम्ही दुसऱ्या खेपेला निम्म्या बिया पालथ्या ठेवल्या. खुंटी पुन्हा खालीच आली. म्हणजे बियाची वरची-खालची बाजू आधीपासून ठरलेली नाही, खाली कुठे आहे ते बियाला कळतं. मग पुढचा प्रश्न आलाच: जिथे खाली-वर असं काही नसतं, तिथे बी काय करेल?

हा प्रश्न शाळकरी मुलीचा असला तरी शास्त्रज्ञांनी तो प्रत्यक्ष विचारलेला आहे. 1998 साली डिस्कव्हरी या अंतराळयानातून काकडीच्या बिया वर पाठवल्या गेल्या. जपानमधल्या तोहोकू विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांचा तो प्रयोग होता. काकडी भोपळ्याच्याच कुळातली, तिलाही अशीच खुंटी येते. अंतराळात उगवलेल्या रोपांना दोन्ही बाजूंना खुंट्या आल्या. म्हणजे गुरुत्वाकर्षण खालची खुंटी घडवत नाही, वरची खुंटी येऊ देत नाही. रोपात दोन्हीकडे खुंटी फुटण्याची ताकद असते, जमिनीवर त्यातली एक दबून राहते.

हे ऐकल्यावर वर्ग कसा शांत झाला आणि मग कसा एकदम बोलू लागला, ते शब्दांत सांगणं अवघड आहे. पण मला हे उत्तर कसं मिळालं? ओळखीतून. एका नातेवाइकांच्या परिचयाचे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक होते, त्यांना फोन केला. अशी ओळख किती शिक्षकांना असते? ज्या शाळेतल्या बाईंना कोणीच ओळखीचं नाही, तिथल्या मुलीचा हाच प्रश्न 'ते परीक्षेला नाही' म्हणून तिथेच संपतो. आपल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र, मृदाशास्त्र, कीटकशास्त्र, उद्यानविद्या यांचे पूर्ण विभाग आहेत. उत्तरं तिथेच आहेत. ती विचारायची कोणाला, एवढंच शाळांना माहीत नसतं.

आणि हे मागणं काही जगावेगळं नाही. हे काम विद्यापीठांनी सव्वाशे वर्षांपूर्वी करून दाखवलेलं आहे. अमेरिकेत 1893 च्या मंदीनंतर न्यूयॉर्क राज्यातली माणसं खेडी सोडून शहराकडे धावू लागली. तेव्हा कॉर्नेल विद्यापीठातल्या कृषी विभागाकडे ग्रामीण शाळांत निसर्गशिक्षण सुरू करण्याचं काम आलं आणि त्यासाठी राज्यानं पैसा दिला. उद्यानविद्येचे प्राध्यापक लिबर्टी हाइड बेली यांनी 1896 साली शिक्षकांसाठी पत्रकांची मालिका काढली. तिच्यातल्या पहिल्याच पत्रकाचा विषय होता: भोपळ्याचं रोप बियातून बाहेर कसं येतं. शेतीची महती, देशाचं धान्योत्पादन, सुधारित वाण यांतलं काहीही नाही. एक बी घ्या, पेरा आणि बघा. शेतीचा विषय शाळेत न्यायला निघालेल्या एका प्रमुख प्राध्यापकाला सुरुवात इथून करावीशी वाटली, यातच मला त्यांची समज दिसते.

त्या कामात ॲना बॉट्सफोर्ड कॉम्स्टॉक होत्या. कीटकांची उत्तम चित्रं काढणाऱ्या, शिक्षकांसाठी पाठ लिहिणाऱ्या आणि ठिकठिकाणी जाऊन शिक्षकांना प्रत्यक्ष शिकवणाऱ्या. शिक्षकांना त्यांचं सांगणं असे, की मुलानं विचारलेलं येत नसेल तर 'मला माहीत नाही, आपण मिळून शोधू' असं म्हणायला कचरू नका. हे वाक्य वर्गात म्हणायला धीर लागतो, आणि तो धीर कोणीतरी पाठीशी आहे या खात्रीतून येतो. कॉर्नेलनं ती खात्री दिली होती. तिथे मुलांचे निसर्गमंडळ होते, आणि त्यांची वर्गणी पैशांत नव्हती. मुलांनी काय पाहिलं ते पत्रानं कळवायचं, हीच वर्गणी. विद्यापीठात जॉन स्पेन्सर नावाचे गृहस्थ ती पत्रं वाचायचे आणि मुलं त्यांना 'अंकल जॉन' म्हणायची. हजारो मुलं अशी लिहीत होती. टपालाशिवाय दुसरं साधन नव्हतं त्या काळात हे जमलं. आज प्रत्येकाच्या खिशात फोन असताना 'शक्य होणार नाही' असं उत्तर मला पटणार नाही.

आता शिक्षकांच्या कार्यशाळांबद्दल. इथे माझी तक्रार जास्त आहे. एका कार्यशाळेत आम्हाला सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्च्यांवर बसवून 'कृतीतून शिक्षण' या विषयावर व्याख्यानं ऐकवली गेली. मातीबद्दल तास-दीड तास ऐकलं, पण मातीला हात लागला नाही. निघताना प्रत्येक शाळेला एक किट मिळालं. त्यातल्या सामू (माती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) मोजायच्या द्रावणाच्या बाटल्या पहिल्या वर्षातच संपतात. त्या पुन्हा कुठून आणायच्या ते किटवर लिहिलेलं नसतं, आणि किट मग प्रमाणपत्रासोबत कपाटात जातं. अशी कपाटं मी एकापेक्षा जास्त शाळांत पाहिली आहेत.

त्याऐवजी शिक्षकांना चार दिवस स्वतः विद्यार्थी होऊ द्या. पारदर्शक बाटलीत माती, पाणी आणि चिमूटभर साबणाची पूड घालून खळखळून हलवायची. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयटा तासाभरात किंवा त्याहून जास्त वेळात, चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. थर मोजले की मातीचा पोत कळतो. याला खर्च शून्य. पण हे ज्या शिक्षिकेनं स्वतः केलं नाही, दोन वेगळ्या जागांची माती शेजारी ठेवून पाहिली नाही, तिला वर्गात ते करायची हिंमत होत नाही. काय चुकू शकतं ते तिला माहीत नसतं.

या बाबतीतही जुना दाखला आहे. 1873 च्या उन्हाळ्यात हार्वर्डचे प्राध्यापक लुई अगासी यांनी अमेरिकेतल्याच पेनिकीस नावाच्या छोट्या बेटावर शिक्षकांसाठी निसर्गशाळा भरवली. सुमारे पन्नास शिक्षक आले होते, त्यांत स्त्रियाही होत्या. पुस्तकं बाजूला ठेवून किनाऱ्यावर जे सापडेल ते अभ्यासायचं, अशी ती रीत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अगासी वारले आणि पुढच्या एका उन्हाळ्यानंतर शाळा बंद पडली. मला या गोष्टीतले दोन्ही भाग महत्त्वाचे वाटतात. शिक्षकांना असं शिकवता येतं, हा एक. आणि एका माणसाच्या उत्साहावर उभा राहिलेला उपक्रम त्या माणसाबरोबर संपतो, हा दुसरा. आपल्याकडचे चांगले उपक्रमही बहुतेकदा एखाद्या धडपड्या प्राध्यापकामुळे चाललेले असतात. त्यांची बदली झाली, ते निवृत्त झाले, की शाळेला पुढच्या वर्षी कोणाला विचारायचं तेच कळत नाही. म्हणून मी व्यक्ती मागत नाही, पद मागते आहे. त्या पदावर माणसं बदलोत, पत्ता तोच राहू दे.

शाळेच्या वेळापत्रकाबद्दलही थोडं बोलायला हवं. पीक आपल्या गतीनं वाढतं आणि शाळा आपल्या गतीनं चालते. शाळेच्या बागेत लावलेली रोपं ऐन फळावर येतात तेव्हा शाळेला सुट्टी लागते. पाणी घालायला कोणी नसतं. शाळा उघडते तेव्हा वाळकी काटकं उभी असतात आणि मुलांच्या मनात 'शेती म्हणजे वाळून जाणारं काहीतरी' एवढंच उरतं. बाग उद्घाटनाला सगळे असतात, सुट्टीतल्या पाण्याचा विचार कोणी केलेला नसतो. कृपा करून यापुढे कोणत्याही शाळेला बाग देताना हा प्रश्न आधी विचारा.

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या पॉल विल्यम्स यांनी या अडचणीवर वेगळ्याच बाजूनं तोड काढली. ते वनस्पतींच्या रोगांवर संशोधन करत होते. प्रयोगांसाठी त्यांना झटपट पिढ्या देणारी झाडं हवी होती, म्हणून मोहरीच्या कुळातल्या झाडांतून लवकर फुलणारी, लहान चणीची झाडं ते निवडत गेले. पेरल्यापासून दोन आठवड्यांत फुलं आणि साधारण चाळीस दिवसांत पुढचं बी. 1980 च्या दशकापासून ही झाडं शाळांच्या वर्गांत पोहोचली. या झाडाला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचाच लागतो. म्हणून मुलं काडीच्या टोकाला मेलेली, वाळलेली मधमाशी चिकटवतात आणि तिच्या केसाळ अंगानं एका फुलातला पराग दुसऱ्याला लावतात. मधमाशीच्या अंगावर केस का असतात, हे मग कोणाला पाठ करावं लागत नाही. एका सत्राच्या आत मुलांनी पेरणीपासून कापणीपर्यंतचं पूर्ण चक्र पाहिलेलं असतं. प्रयोगशाळेतल्या कामाचा एक भाग शाळेच्या मापाचा करून देणं याला मी खरा विस्तार, म्हणजे विद्यापीठाचं ज्ञान लोकांपर्यंत नेणं, म्हणते. आपल्या प्रत्येक विभागात असं काहीतरी निघेल. फक्त 'हे आठवी-नववीच्या वर्गात चालेल का?' असं कोणीतरी विचारायला हवं, आणि ते विचारताना वर्गात शिकवणारी एक शिक्षक व्यक्ती समोर बसलेली हवी.

एका गोष्टीबद्दल मात्र मला स्पष्ट विरोध नोंदवायचा आहे. शाळकरी मुलांना त्यांच्या आईवडिलांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग म्हणून वापरू नका. या विचाराला मोठा इतिहास आहे, हे मला माहीत आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मुलांची कृषिमंडळं निघाली. 1902 मध्ये ओहायोतल्या ए. बी. ग्रॅहम यांनी सुरू केलेलं मंडळ ही 4-एच या मुलांच्या कृषिमंडळांच्या अमेरिकी चळवळीची सुरुवात मानली जाते. मोठी माणसं विद्यापीठाचं नवं काही लवकर स्वीकारत नाहीत, मुलं मात्र करून पाहतात आणि त्यांच्यामुळे घरचेही करतात, असा अनुभव तेव्हा आला. पुढे 1914 च्या कायद्यानं विद्यापीठांचं विस्तारकार्य देशभर उभं राहिलं, त्यात या मंडळांनाही जागा मिळाली. त्या चळवळीनं लाखो मुलांच्या हाताला काम आणि जबाबदारी दिली, त्याबद्दल मला आदरच आहे. पण 'मुलाला सांगा म्हणजे बापापर्यंत पोहोचेल' हा हिशेब धरला, की मुलाला विचार करायला शिकवणं मागे पडतं आणि निरोप देणं पुढे येतं. अमुक वाण लावा, तमुक फवारा, हा निरोप पाच-दहा वर्षांत जुना होतो. पानावरच्या किड्याकडे नीट पाहण्याची सवय जुनी होत नाही.

त्यातही किड्यांचं फार नुकसान झालं आहे. शेतीच्या नावानं मुलांना जे साहित्य दिलं जातं त्यात कीटक म्हटला की कीड, आणि कीड म्हटली की उपाय, असंच असतं. जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिकं कमी-अधिक प्रमाणात परागसिंचन करणाऱ्या प्राण्यांवर अवलंबून आहेत, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा कीटकांचा आहे. पिकावरची मावा ही बारीक कीड खाणारा ढालकिडा, अळीच्या अंगात अंडी घालणारी गांधीलमाशीच्या जातीची बारीक माशी, शेण मातीत नेणारा भुंगा हे सगळे शेतातच राहतात. शेती एका तासाला आणि निसर्ग दुसऱ्या तासाला, अशी वाटणी विद्यापीठाच्या विभागांत असेल, शेतात ती नाही. कीटकशास्त्राच्या आणि पर्यावरणाच्या माणसांनी शाळेत एकत्र यावं. आणि ज्या साहित्यावर बियाणं किंवा औषध विकणाऱ्या कंपनीचं नाव छापलेलं आहे ते वर्गात आणू नये. मुलांना ते विद्यापीठाचं मत वाटतं.

मुलांकडून निरीक्षणं मागवणारे उपक्रमही आता बरेच निघतात: पक्षी मोजा, फुलं कधी येतात ते नोंदवा, पावसाचं माप ठेवा. चांगले आहेत. पण नोंद गेली की पुढे काय झालं ते मुलांना कळलंच पाहिजे. कॅन्सस विद्यापीठात 1992 पासून मोनार्क फुलपाखरांच्या स्थलांतराचा अभ्यास चालतो. त्यात शाळकरी मुलंही फुलपाखराच्या पंखावर क्रमांकाची लहानशी चकती चिकटवून त्याला सोडून देतात. त्यातली काही फुलपाखरं मेक्सिकोतल्या डोंगरांत सापडतात आणि सापडलेल्या क्रमांकांची यादी जाहीर होते. ज्या मुलानं तो क्रमांक स्वतःच्या हातानं लावला त्याला यादीत तो शोधता येतो. हा परतीचा निरोप नसेल तर मुलांना आपण फुकट राबवून घेतो आहोत, असं मी म्हणेन.

हे सगळं करायचं तर आपल्या घरात काही नियम बदलावे लागतील, आणि ते फक्त आपल्याच हातात आहेत. तरुण प्राध्यापकांच्या बढतीत शोधनिबंध मोजले जातात. शाळेसाठी तयार केलेला एक नीट पाठ, वर्षभर शिक्षकांना दिलेली उत्तरं यांना गुण नसतात. मग जो हे काम करतो तो स्वतःचं नुकसान करून घेतो. त्याला गुण द्या. अहवालात किती मुलं आली या रकान्याशेजारी आणखी एक रकाना ठेवा: किती प्रश्न आले आणि किती प्रश्नांना उत्तर गेलं. पहिल्या वर्षी हा आकडा छोटा असेल. असू द्या. शंभर शाळांना एकदा भेटण्यापेक्षा दहा शाळांबरोबर तीन वर्षं राहा. त्या दहा शाळांच्या शिक्षकांना कार्यशाळेसाठी सुट्टीच्या दिवशी बोलावू नका, शाळेच्या कामाचा भाग म्हणून बोलवा, त्यासाठी शिक्षण खात्याशी आपणच बोला. आमच्या शब्दापेक्षा आपल्या पत्राला तिथे वजन आहे. आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या कामात घ्या. खुंटी का फुटते हे तेरा वर्षांच्या मुलीला समजावून सांगता आलं, तर त्या विद्यार्थ्याचा स्वतःचाही विषय पक्का होतो.

आमच्या बाजूनंही काम आहे, ते आम्ही करू. प्रश्न गोळा करून, आधी वर्गात जमेल ते करून पाहून मगच पाठवू. निरीक्षणाच्या वह्या ठेवू. आपला माणूस शाळेत येईल त्या दिवशी त्याला हार-तुरे, भाषण यांत अडकवणार नाही, थेट वर्गात नेऊ. आणि एखाद्या प्रश्नाचं उत्तर 'हे अजून कोणालाच माहीत नाही' असं असेल तर तेच कळवा. मुलांना त्याचा सर्वांत जास्त आनंद होतो.

पुढच्या शैक्षणिक वर्षाचे उपक्रम आपण ठरवायला बसाल तेव्हा त्या बैठकीला वर्गात शिकवणाऱ्या दोन-तीन शिक्षकांना बोलवा, आणि उत्तर देणाऱ्या माणसाचं नाव व पत्ता सत्र सुरू होण्याआधी शाळांना कळवा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका

ता. क. – सध्या वर्गाच्या वहीत उत्तराविना पडलेले प्रश्न सोबत पाठवते आहे. गांडुळाला डोळे नाहीत, तरी उजेड पडला की ते आत जातं, मग उजेड त्याला कुठल्या अवयवानं कळतो? पाऊस पडून गेल्यावर अळंबी एका रात्रीत उगवते, मग आदल्या दिवशी ती कुठे असते? पान गळण्याआधी झाड त्यातलं काय काढून घेतं, आणि ते कुठे ठेवतं? तिसऱ्या प्रश्नासाठी मुलांनी पिवळी आणि हिरवी पानं वाळवून, वजन करून ठेवली आहेत. ती पाठवायची असल्यास कोणत्या विभागाकडे पाठवू, ते कळवावे.